लिंक मिळेल का, लिंक?

दीड हजार रुपयांना एक! एवढ्या स्वस्तात मी माझ्या वेबसाइटची शिफारस विकत होते. गिऱ्हाईक खूश, मी खूश. फक्त आगाशीच्या एका काकूंचा फोन वाजायचा थांबला...

विरार फास्टच्या लेडीज डब्यातून तुम्ही रोज प्रवास केला असेल, तर शिफारस म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको. ब्लाउज कुणाकडे शिवायचा, मुलाला कुठल्या क्लासला घालायचं, नालासोपाऱ्यात भाड्याचा फ्लॅट बघताना कुठल्या एजंटच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही... सगळं चर्चगेट ते वसई या तासाभरात ठरतं. आणि कुणाचं ऐकायचं, हेही ठरलेलं असतं. आमच्या ग्रुपमध्ये बँकेतल्या एक ताई आहेत. फार बोलत नाहीत. पण त्यांनी 'अमक्याकडे जा' म्हटलं की दुसऱ्या दिवशी चारजणी तिथे हजर! उलट एक मुलगी दर आठवड्याला नव्या पार्लरचं कौतुक घेऊन यायची. मग कळलं, दर गिऱ्हाइकामागे तिला पन्नास रुपये मिळतात. झालं! त्यानंतर तिनं 'बाहेर पाऊस पडतोय' म्हटलं तरी आम्ही खिडकीतून हात बाहेर काढून बघायचो.

आता गंमत सांगू? गुगल उभं राहिलं ते नेमकं याच तत्त्वावर. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन पोरांनी 'पेजरँक' नावाची पद्धत मांडली. कल्पना तशी साधी. एखाद्या साइटनं दुसऱ्या साइटची लिंक दिली, म्हणजे तिनं 'यांच्याकडे जा' अशी शिफारस केली. ज्याच्या शिफारशी जास्त, तो वर. शिवाय सगळ्या शिफारशींचं वजन सारखं नाही. ज्याच्याकडे स्वतःच पुष्कळजण बोट दाखवतात, त्यानं बोट दाखवलं तर त्याला जास्त मान. म्हणजे बँकेतल्या ताईंचं एक मत, बाकीच्यांच्या दहा मतांच्या बरोबरीचं.

आणि इंटरनेटवरची ती पन्नास रुपयेवाली मुलगी? ती मी होते.

घाबरू नका, सगळं सांगते.

मी बीएमएम केलं. मास मीडिया! जर्नालिझम स्पेशलायझेशन! तेव्हा डोक्यात खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी आणि भ्रष्टाचार उघडकीला आणणारी पहिल्या पानावरची बायलाइन असं सगळं होतं. आमच्या सरांनी 'पेड न्यूज' हा विषय असा काही शिकवला होता की वर्गातल्या बॅकबेंचर्सनीही मोबाइल खाली ठेवले होते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता, आणि पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये ते सगळं समोर आणलं. उमेदवारांसाठी चक्क पॅकेजेस होती. एवढे पैसे दिले की एवढ्या बातम्या. पैसे नाहीत तर तुम्ही निवडणुकीला उभे आहात हेच वाचकाला कळणार नाही. प्रेस कौन्सिलनं नेमलेल्या दोन सदस्यांनी २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल लिहिला, पण कौन्सिलनं तो आखूड करूनच बाहेर काढला. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला २०११ उजाडलं, तेही केंद्रीय माहिती आयोगानं आदेश दिल्यावर.

परीक्षेत मी या प्रश्नावर दोन पुरवण्या लावल्या होत्या. 'जाहिरात छापणे हा गुन्हा नाही, जाहिरात बातमी म्हणून छापणे ही वाचकाची फसवणूक आहे', असं काहीतरी बाणेदार वाक्य लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. दहापैकी साडेआठ मिळाले!

त्यानंतर चार महिन्यांनी मी अंधेरीच्या एका डिजिटल एजन्सीत 'कंटेंट रायटर' म्हणून लागले.

केस, पाऊस आणि पॅकर्स-मूव्हर्स

एजन्सी म्हणजे एका कमर्शियल गाळ्यात अकरा कॉम्प्युटर्स, एक एसी (तो बॉसच्या केबिनमध्ये) आणि भिंतीवर पोस्टर - 'गुगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटी!' माझं काम सोपं. दिवसाला पाचशे शब्दांचे सहा लेख लिहायचे. विषय कुठलाही. अट एकच, लेखाच्या पोटात ठरलेल्या शब्दांवर क्लायंटची लिंक बसली पाहिजे.

माझा पहिला लेख 'पावसाळ्यात केसांची निगा' आणि क्लायंट जयपूरचे पॅकर्स अँड मूव्हर्स. बसवा आता लिंक! मी अर्धा तास डोकं खाजवलं आणि लिहिलं, 'केस धुतल्यावर ते नीट कोरडे करा, विशेषतः तुम्ही पावसाळ्यात घर बदलत असाल आणि स्वस्त व खात्रीशीर पॅकर्स अँड मूव्हर्सच्या शोधात असाल तर.' बॉसनं सगळ्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, आता हाकलणार. तर म्हणाला, "सीखो इससे. नॅचरल फ्लो है."

हे लेख वाचत कोण असेल, असा प्रश्न मला आठवडाभर पडला. उत्तर मिळालं, कुणीच नाही. ते माणसांसाठी लिहिलेलेच नव्हते. आमच्याकडे एक भलीमोठी एक्सेल शीट होती. त्यात हजारभर साइट्सची नावं, प्रत्येकीसमोर 'डीए' म्हणजे एका खासगी कंपनीनं शंभरपैकी दिलेले मार्क (हे मार्क गुगलचे नव्हेत, पण बाजारात भाव त्यावरच ठरायचा), आणि शेवटच्या रकान्यात किंमत. डीए २० असेल तर हजार रुपये. ५० च्या वर असेल तर दहा हजार. कर्ज, कॅसिनो असा 'तसला' माल असेल तर दुप्पट. एजन्सी या साइट्सना पैसे द्यायची, माझा लेख तिथे 'पाहुण्या लेखिकेचा लेख' म्हणून लागायचा, आणि सर्च इंजिनला वाटायचं, अरे वा, केसांच्या साइटवरही या मूव्हर्सचं नाव आहे!

दोन पुरवण्या? साडेआठ मार्क? आठवत होते हो. पण पगार एकतीस तारखेला होत होता.

हे सर्च इंजिनवाल्यांना कळत नव्हतं असं नाही. जिथे शिफारशीला भाव, तिथे शिफारशीचा बाजार आलाच. २००५ मध्येच गुगल, याहू आणि एमएसएन या तिघांनी मिळून 'नोफॉलो' नावाची खूण आणली. लिंकला ही खूण लावली की वाचक त्यावर क्लिक करू शकतो, पण सर्च इंजिन ते मत सहसा मोजत नाही. म्हणजे बघा, जाहिरात विकायला कधीच बंदी नव्हती. बिनधास्त विका, फक्त ही जाहिरात आहे असं सांगून विका. २०१९ मध्ये त्यासाठी 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूणही आली. माझ्या उत्तरपत्रिकेतलंच वाक्य की हे!

२००७ च्या एप्रिलमध्ये गुगलच्या मॅट कट्सनं विकलेल्या लिंक्सची तक्रार करा असं लोकांना जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुष्कळ नामवंत साइट्सची पेजरँक दाखवणारी हिरवी पट्टी एका रात्रीत आखूड झाली. पण खरा तमाशा झाला तो फेब्रुवारी २०११ मध्ये. जेसी पेनी हे अमेरिकेतलं जुनं, मोठं डिपार्टमेंट स्टोअर. ड्रेस शोधा, चादरी शोधा, गालिचे शोधा, पहिला नंबर यांचाच. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या डेव्हिड सेगल या पत्रकाराला शंका आली. त्यानं जाणकाराकडून तपासून घेतलं, तर कशाचा कशाशी संबंध नसलेल्या हजारो पानांवर जेसी पेनीच्या लिंक्स पेरलेल्या! त्यानं गुगलला विचारलं. एका बुधवारी रात्री आठला 'लिव्हिंग रूम फर्निचर' या शब्दांवर कंपनी पहिली होती. रात्री नऊला अडुसष्टावी. आपल्याकडे प्रमोशन लागल्याचं पत्रही एवढ्या वेगात येत नाही. कंपनीनं हात वर केले - आम्हाला यातलं काही माहीत नाही.

२४ एप्रिल २०१२ ला 'पेंग्विन' आला. नाव गोंडस, काम कसायाचं. तोवर माणसं एकेका साइटला पकडत होती. आता प्रोग्रॅमच विकतच्या लिंक्स हुंगायला लागला, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं एजन्सीला पैसे भरले होते ते दुकानदार एका सकाळी गायब झाले. त्याच वर्षी जानेवारीत तर गुगलनं स्वतःलाच छडी मारली होती! क्रोम ब्राउझरच्या जाहिरातीसाठी पैसे देऊन लिहून घेतलेला मजकूर सापडला, तेव्हा क्रोमचं पान कमीत कमी ६० दिवसांसाठी खाली ढकललं गेलं.

मला मात्र सगळ्यांत जवळची वाटते ती इंटरफ्लोराची गोष्ट. का, तर मी वसईची. आमच्याकडचा मोगरा आणि सोनचाफा पहाटेच्या लोकलनं दादरला जातो तो बघत मोठी झालेली. इंटरफ्लोरा ही ब्रिटनमधली फुलं घरपोच देणारी मोठी कंपनी. फेब्रुवारी २०१३ मध्ये, मदर्स डे तीन आठवड्यांवर आलेला असताना, ती गुगलवरून नाहीशी झाली. 'फुलं' शोधा, नाही. तिचंच नाव टाइप करा, तरी नाही. कारण? ब्रिटनमधल्या कितीतरी स्थानिक वर्तमानपत्रांच्या साइट्सवर बातमीच्या कपड्यात तिच्या जाहिराती होत्या, आणि त्यातल्या लिंक्सना खूण नव्हती. त्या वर्तमानपत्रांची पेजरँकही घसरली. म्हणजे घेणारा आणि विकणारा, दोघांनाही प्रसाद. इंटरफ्लोरा अकराएक दिवसांत परत आली. मदर्स डेच्या आधी!

अकरा दिवस. हा आकडा लक्षात ठेवा.

राजेळी

२०२० च्या लॉकडाउनमध्ये एजन्सीनं निम्म्या लोकांना 'कळवतो' म्हणून सांगितलं. अजून कळवतायत. मी वसईच्या घरात, बाबांच्या लॅपटॉपवर, एकदम रिकामी. वेळ घालवायला म्हणून मराठीत एक वेबसाइट काढली. आपल्या वसई-विरारबद्दलच. किल्ल्यावर कधी जावं, निर्मळची जत्रा, सोपाऱ्याचा स्तूप, अर्नाळ्याला जायला रिक्षा कुठून मिळते, आणि घरगुती पदार्थ करणाऱ्या बायकांची यादी, फोन नंबरासकट. त्या बायकांना विचारून, त्यांच्या अंगणात बसून, पदार्थ चाखून लिहिलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसांसाठी लिहीत होते, आणि काय सांगू, माणसं वाचत होती!

त्यातलं सगळ्यांत जास्त चाललेलं पान होतं सुकेळ्यांचं. वसईबाहेरच्यांसाठी सांगते - राजेळी जातीची केळी पूर्ण पिकवायची, सोलायची आणि आठवडाभर उन्हात वाळवायची. साखर नाही, रंग नाही, काही नाही. केळं आक्रसून मधासारखं गडद होतं, मग सुकलेल्या केळीच्या पानात बांधायचं. आगाशी हे त्याचं माहेरघर. पण राजेळीच्या बागा कमी झाल्या, मेहनत फार, आणि ऊन पडलं तरच धंदा. पाऊस संपल्यावर सुरू करायचं, पुढच्या पावसाआधी आवरायचं. आता मोजकीच घरं हे करतात. त्यातल्याच या काकू. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "तू लिहिणार म्हणजे कोण वाचणार?" मी म्हटलं, बघू.

दोन महिन्यांत सर्चमध्ये मराठीत 'सुकेळी' टाकलं की माझं पान पहिलं यायला लागलं. काकूंना पुण्याहून फोन, नाशिकहून फोन. एकदा दुबईहून कुणाच्या तरी मामाचा. आठवड्याला आठ-दहा ऑर्डर्स. त्यांनी वाळवणाचा मांडव वाढवला, शेजारच्या एका बाईला मदतीला घेतलं. मला दर सीझनला चार पुडे फुकट. मी नको म्हणायचे आणि पिशवी पुढे करायचे.

मग मेल यायला लागले. 'डिअर सर, आम्हाला तुमची सुंदर साइट फार आवडली...' (साइट मराठीत, मेल इंग्रजीत, आणि मी सर!) पहिला सौदा सुरतच्या सोफ्याचा. दीड हजार रुपये. काम पाच मिनिटांचं. जुन्या एका लेखात एक वाक्य घुसवायचं, त्यावर लिंक. मी बिचकत म्हटलं, 'नोफॉलो' लावून देते हं. पलीकडून लगेच उत्तर आलं - मग पैसे नाहीत.

त्या क्षणी मला कळायला हवं होतं. किंबहुना कळलंच होतं. त्यांना माझे वाचक नको होते. वाचक सोफा घेतो की नाही याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. त्यांना हवं होतं माझं मत, तेही खूण न लावलेलं. पण फ्रीलान्स लेखाचे पैसे तीन-तीन महिने येत नसताना दीड हजार त्याच दिवशी फोनवर 'टिंग' करून येतात ना, तेव्हा माणूस तत्त्वाला म्हणतो, जरा बाजूला बस.

चौदा महिन्यांत मी तेवीस लिंक्स विकल्या. सोफा, मग केस गळती, मग झटपट कर्ज. शेवटी रमी. रमीवाल्यांना ठरावीक पानच हवं होतं. सगळ्यांत जास्त चालणारं. पाच हजार! मी लिहिलं, 'दुपारच्या चहाबरोबर सुकेळी आणि सोबत ऑनलाइन रमीचा एक डाव, सुट्टी अशीच जायला हवी!' नॅचरल फ्लो है.

फोन थंड आहेत गं

२०२३ च्या जानेवारीत एका सकाळी मला सर्च इंजिनकडून मेसेज आला. तुमच्या साइटवरून अनैसर्गिक लिंक्स जात असल्याचं आढळलं आहे, कारवाई केली आहे. भाषा अगदी सोसायटीच्या नोटिशीसारखी. आधीच्या डिसेंबरात गुगलनं 'स्पॅमब्रेन' नावाची आपली एआय यंत्रणा लिंक्स विकणाऱ्या साइट्स ओळखायलाही वापरत असल्याचं जाहीर केलं होतं. ते मी वाचलं होतं आणि 'आपण कुठे एवढे मोठे' म्हणून पुढे सरकले होते.

आठवडाभरात साइटवर येणारी माणसं दहातली एक उरली. सुकेळ्यांचं पान पहिल्यावरून कुठेतरी पाचव्या पानावर. पाचव्या पानावर कोण जातं? मी तरी कधी गेले नव्हते.

मी स्वतःची समजूत घालत होते, जाऊ दे, माझंच नुकसान आहे. फेब्रुवारीत काकूंचा फोन आला. "यंदा फोन थंड आहेत गं. लोकांना आवडली नाहीत का गेल्या वेळची?"

त्यांना वाटत होतं, त्यांच्या मालात काहीतरी कमी पडलं. जास्त वाळली असतील, कडक झाली असतील. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला त्यांनी फोन करून विचारलंही होतं. हे ऐकल्यावर मला फोनवर खोटं बोलणं जमलं नाही. म्हणजे प्रयत्न केला मी, 'सीझनच स्लो असेल' वगैरे. पण मग रविवारी विरारला उतरून आगाशी गाठली.

मांडवावर केळी वाळत होती. आधी ठरलेल्या हिशेबानं राजेळी घेऊन ठेवलेली, म्हणजे वाळवणं भागच होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. लिंक म्हणजे काय, इथपासून. लेडीज डबा, बँकेतल्या ताई, पन्नास रुपयेवाली मुलगी, सगळी उदाहरणं देऊन. त्या केळी उलटवत ऐकत होत्या. मध्येच थांबल्या.

"म्हणजे माझ्या नावाखाली तू जुगाराचं नाव लावलंस?"

मी म्हटलं, जुगार नाही हो काकू, रमी. असं म्हणाले खरी, आणि माझं मलाच ते ऐकवेना.

"किती मिळाले?"

"त्याचे पाच हजार. बाकीच्यांचे कुणाचे दीड, कुणाचे दोन."

त्यांनी जरा वेळ हिशेब केल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "मला सांगायचंस. मीच दिले असते."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्रीपासून मी एकेक लिंक उपटायला घेतली. तेवीस. गिऱ्हाइकांना मेल केले. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही. सोफेवाल्यानं पैसे परत मागितले, दिले. रमीवाल्यांनी इंग्रजीत धमकी दिली, त्यांचेही दिले. एकूण एकेचाळीस हजारांतले सत्तावीस परत गेले, तेही हप्त्यांनी. मग पुनर्विचाराचा अर्ज. त्यात आपण काय केलं ते कबूल करायचं, काय दुरुस्त केलं ते सांगायचं, आणि पुन्हा करणार नाही असं लिहायचं. शाळेत फळ्यावर शंभर वेळा लिहायचो तसं. पहिला अर्ज तीन आठवड्यांनी फेटाळला. एक लिंक साइटच्या तळाशी, बारीक अक्षरात राहून गेली होती, दुसरी एका जुन्या फोटोखाली. ती काढली, पुन्हा अर्ज, पुन्हा वाट.

एप्रिलच्या शेवटी कारवाई उठली. मे महिन्यात काकूंनी मांडव आवरला. फ्लॅटच्या बाल्कनीतून पहिला पाऊस बघताना मला इंटरफ्लोराचे ते अकरा दिवस आठवत होते.

आता तुम्ही म्हणाल, मग चूक कुणाची? माझी. मी सर्च इंजिनच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि कदाचित लवकर केलं असतं. विकलेलं मत मोजायचं नाही, हा नियम मला मान्य आहे. परीक्षेत लिहिलाय मी तो. पण कुरकुर करायची तर दोन गोष्टींची करीन. मोठ्यांकडे वकील असतात, सर्च सांभाळायला दहाजणांची टीम असते, वर्तमानपत्रात बातमी येते, त्यामुळे ती लवकर वर येतात. छोटा माणूस पाचव्या पानावर गेला की तो गेल्याचंही कुणाला कळत नाही. आणि दुसरं, ज्या पानावर विकतच्या शिफारशींना बंदी, त्याच पानाच्या डोक्यावर 'स्पॉन्सर्ड' अशी पाटी लावून गुगल स्वतः जागा विकतंच की. पाटी लावतं, हे कबूल. पण आपली स्पर्धा आणि आपणच पंच, यावर भांडणं व्हायचीच. आपल्या स्पर्धा आयोगानं फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्चमध्ये स्वतःच्या सेवांना झुकतं माप दिल्याबद्दल गुगलला १३५.८६ कोटींचा दंड केला. त्या तक्रारदारांत एक लग्न जुळवणारी साइट होती! गुगलनं त्याविरुद्ध अपील केलं. मार्च २०२४ मध्ये नवा नियम आला, की मोठ्या नावाच्या साइटनं आपल्या छपराखाली भलत्याचाच मजकूर ठेवून त्याला वर चढवायचं नाही. मग कितीतरी नामवंत प्रकाशनांची कूपन्सची आणि 'बेस्ट क्रेडिट कार्ड'ची दुकानं बसली. प्रकाशकांनी आरडाओरडा केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशननं या नियमाचीच चौकशी सुरू केली. चालू दे त्यांचं.

माझी साइट अजून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, तेव्हा बोटीच्या वेळा शोधत बरेचजण पुन्हा आले. सुकेळ्यांचं पान हल्ली दुसऱ्या पानावर असतं, कधी कधी पहिल्याच्या तळाशी. आधीसारखं पहिलं नाही आलं. मेल मात्र थांबलेले नाहीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायद्यानं बंदी आणली, तेव्हापासून रमीवाले तेवढे गप्प आहेत. बाकी सोफे, कर्ज आणि केस गळती जोरात. परवाच एकानं सहा हजार देऊ केले. डिअर सर.

या सीझनला काकूंकडे गेले, तर त्यांच्या नातवानं फोनवर कॅटलॉग केलाय, नकाशावर घराची खूण टाकलीय. मला त्यांनी चार पुडे दिले. मी पहिल्यांदाच खरोखर नको म्हटलं आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडून पैसे घेतले. त्यातला एक पुडा गुरुवारी डब्यात उघडला. बँकेतल्या ताईंनी एक सुकेळं घेतलं, भाईंदरची खाडी संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत सावकाश चावत राहिल्या. मग पर्समधून पेन काढलं.

"यांचा नंबर दे."

सोमवारी रात्री काकूंचा फोन. अकरा ऑर्डर्स, सगळ्या वसई-नालासोपाऱ्याच्या, सगळ्या बायकांच्या. "तुझ्या पानावरून आल्या का गं?"

"नाही हो," मी म्हटलं, "गाडीतून."